देवघरातली फ्लॉपी

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने सांगता येईल. पंचवीसेक वर्षं मी दर दसऱ्याला एका फ्लॉपीला हळदकुंकू वाहिलं, आणि त्या फ्लॉपीत काहीही नव्हतं.

तशी अगदीच रिकामी नव्हती. तिच्यात एक चिमुकली फाईल होती. संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात वाकडा बाण असलेलं एखादं चित्र असतं, त्याला शॉर्टकट म्हणतात. शॉर्टकट म्हणजे वस्तू नव्हे, वस्तू कुठे ठेवली आहे त्याची नुसती चिठ्ठी. मी ते चित्र उचललं, फ्लॉपीवर टाकलं आणि सासूबाईंचा आवाज जपला म्हणून निर्धास्त झाले. लोणच्याची बरणी कुठल्या फळीवर आहे ते कागदावर लिहावं आणि तो कागदच मुरायला ठेवावा, तशातली गत. वर लेबलही चिकटवलं होतं, माझ्या फळ्यावरच्या गोलगोल अक्षरात: "ती. सासूबाई – पाण्याचा धवला – मूळ प्रत – हात लावू नये."

आणि हे करणारी बाई कोण, तर शाळेतली संगणकाची बाई! शाळेत संगणक आले तेव्हा प्रशिक्षणाला कोण जातं विचारल्यावर सगळ्यांत आधी माझा हात वर गेला होता. अर्ध्या तासाचा आवाज त्या एवढ्याशा फ्लॉपीत कसा मावला, हा प्रश्न चौथीच्या पोरांना पडला असता. मला पडला नाही. मला तेव्हा कुठलेच प्रश्न पडत नसत. मी फक्त इतरांना विचारायची.

धवला म्हणजे काय, ते सांगते. आमचं गाव वसईच्या खाडीकाठचं. भातशेती आणि मिठागरं. आमच्याकडच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं ठरलेलं असतं, ते म्हणजे धवला. तो म्हणणारी ती धवलारीण. माझ्या सासूबाई पंचक्रोशीतल्या धवलारीण होत्या. एक अक्षर लिहिता येत नव्हतं, पण तीन दिवस गात राहतील एवढं पोटात साठवलेलं. त्यांच्यानंतर त्यांची मुलगी, म्हणजे माझी नणंद, मांडवात बसू लागली. मी तिला वन्सं म्हणते. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले, जीभ मात्र शाबूत.

माझ्या नातीचं लग्न ठरलं, तेव्हा वन्सं एका दुपारी घरी आल्या, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाल्या, "वयनी, आईचा पान्याचा धवला तुजेकरं हाय ना गो?"

"आहे ना. देवघरात आहे."

"मंग मना तो आयकव. हे घरातलं शेवटचं लगीन. यानंतर मी काय मांडवात बसनार नाय. एकदा तरी तो पुरा म्हनायचा हाय मना."

मी म्हटलं, "पुरा म्हणजे? तुम्हाला येतो की."

वन्संनी कप खाली ठेवला. "चारच येतात," त्या म्हणाल्या.

हळद उतरवताना नवरीच्या डोक्यावर सात तांबे पाणी ओततात, आणि प्रत्येक तांब्याचं एक कडवं. पहिल्या चारांना सासूबाई मोकळ्या गळ्याने गायच्या. पाचव्यापासून नवरीच्या कानाशी वाकून म्हणायच्या, मागच्या बायकांना ऐकूच यायचं नाही. वन्संचं लग्न लवकर झालं, त्या खाडीपलीकडच्या गावी गेल्या. आई गेल्यावर लोकांनी त्यांना मांडवात बसवलं, तेव्हा त्यांच्याकडे चारच कडवी होती. इतकी वर्षं त्या चौथ्या तांब्यानंतर हळूच दुसऱ्या गाण्यावर घसरायच्या. कुणाला कळलं नव्हतं. मलाही नाही. पाच-पन्नास लग्नांत नवरीच्या डोक्यावरचे तीन तांबे चुकीच्या गाण्याने पडले, हे ओझं त्या एकट्या वाहत होत्या.

नात तिथेच बसली होती. म्हणाली, "आत्याआजी, फोनवर असेल ना कुणाचा तरी. शोधू का?"

"तिकरचा धवला तिकरच्या नवरीला," वन्सं म्हणाल्या. "आपली आई फोनमधी नाय."

मी ऐटीत उठले. देवघरातून फ्लॉपी आणली. यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह माझ्याकडे आहेच. निवृत्त झाले तरी असल्या वस्तू मी टाकत नाही. लॅपटॉपला लावला. आत एक फाईल. आकार, एक केबी. मी चष्मा पुसला. परत पाहिलं. एक केबी. एका केबीत सासूबाईंची शिंकसुद्धा मावली नसती.

वन्सं पदर सावरून गाणं ऐकायला बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे वळले आणि माझ्या तोंडून मोठा आवाज फुटला. रडले असं लिहायला बरं वाटलं असतं, पण खरं सांगायचं तर मी हसायला लागले होते. इतका मूर्खपणा इतक्या श्रद्धेने जपलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

"काय झालं गो?"

"वन्सं, मी पत्त्याची पूजा करत होते."

पण पत्ता होता, हे विसरून चालणार नाही. त्या चिठ्ठीत नीट लिहिलं होतं: कुठल्या डिस्कवर, कुठल्या कप्प्यात, काय नावाची फाईल. आणि ती डिस्क ज्या संगणकात होती तो संगणक आमच्या स्वयंपाकघरावरच्या पोटमाळ्यावर, सासूबाईंच्याच एका जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला होता. लग्नाला बारा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून तो खाली आणला. पडदा म्हणजे काचेचा हंडा, मागे पोट सुटलेला. ह्यांनी कंबर धरली आणि विचारलं, "हे उघडून करणार काय आहेस?"

"तुमच्या आईंना बोलावणार आहे."

हे आत गेले. टॉर्च घेऊन आले आणि माझ्यामागे उभे राहिले. पुढचे चार दिवस त्यांचं काम तेच.

झाकण काढलं तर आत सूपभर धूळ आणि पालीची दोन अंडी. रंगवायच्या ब्रशने सगळं झाडलं. आतली नाण्याएवढी बॅटरी मेलेली होती, ती बदलली. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे पितळी दात खोडरबरने घासले, ही युक्ती मी शाळेत पोरींना शिकवलेली. वायर लावली, बटण दाबलं. पंखा घरघरला, मग आतली डिस्क खाकरली, आणि मग ती फिरू लागली.  आमच्या खाडीची हवा लोखंडाला सोडत नाही. गेटचे गज, खिडकीचे बोल्ट, सगळं दर दोन वर्षांनी गंजून हातात येतं. आणि ही तबकडी पंचवीस पावसाळे लुगड्यात बसून राहिली, आणि हाक मारल्यावर उठली. पडद्यावर आधी काळ्यावर पांढरी अक्षरं, मग ते निळंसर आकाश. तारीख भलतीच दाखवत होता. बॅटरी मेल्यापासून त्याच्या लेखी काळ पुढे गेलाच नव्हता.

चिठ्ठीतल्या पत्त्यावर गेले. फाईल होती! अर्ध्या तासाची, चांगली जाडजूड.

तिच्यावर दोनदा टिचकी मारली. संगणकाने विचारलं, हे कशाने उघडू?

कारण ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी ते रेकॉर्डिंग केलं होतं, ते त्याच्या स्वतःच्या पद्धतीने आवाज साठवायचं. दुसऱ्या कशानेही तो उघडत नव्हता. आणि ते सॉफ्टवेअर मीच नंतर काढून टाकलं होतं. का, तर जागा कमी पडत होती. कशाला, तर पत्त्यांचा एक खेळ घालायला. वर्गात "संगणक हे ज्ञानाचं साधन आहे" असं सांगणारी ही बाई घरी येऊन रंगीत पत्ते पिसत बसायची. खेळ अजून डिस्कवर होता. माझे सगळ्यांत जास्त गुणही त्याने लिहून ठेवले होते.

सॉफ्टवेअरची सीडी मात्र सापडली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. त्या काळी संगणकाबरोबर अशा सीड्यांचा गठ्ठाच मिळायचा. मल्टिमीडिया हा तेव्हा फार मोठा शब्द होता. चित्र, आवाज आणि अक्षरं एकाच डब्यातून येतात म्हणून लोक बघायला यायचे. आमच्याकडे अख्खी आळी आली होती, चपला काढून. वन्संच्या सासूने तर स्पीकरच्या मागे हात घालून पाहिला होता.

आता ती सीडी बसवायची. मी म्हटलं, तासाभराचं काम. लागले चार दिवस.

पहिल्या दिवशी सीडीचा कप्पाच उघडेना. त्याला पुढे टाचणीएवढं भोक असतं, त्यात केसाचा आकडा सरळ करून खुपसला, तेव्हा दरवाजा कण्हत बाहेर आला. दुसऱ्या दिवशी सीडी फिरली, बसवणं सुरू झालं, निळी पट्टी अर्ध्याच्या पुढे सरकली आणि थांबली: एक फाईल वाचता येत नाही. सीडीला बुरशी. चांदीवर पांढऱ्या नक्षीसारखी पसरलेली. मऊ मलमलीने आतून बाहेर, सरळ रेषेत पुसत बसले. गोल पुसलं तर रेघोट्या पडतात. परत लावली. परत त्याच जागी अडली. मग मी आपोआप बसवायचा नाद सोडला. सीडीवरची एकेक फाईल हाताने डिस्कवर उतरवून घ्यायला लागले. जी येईना, तिच्यासाठी सीडी पुसून पुन्हा, पुन्हा पुसून पुन्हा. दोनशेच्या वर फाइली होत्या. एका फाईलसाठी आठ वेळा पुसलं. नवव्यांदा ती आली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि ह्यांच्या हातातला टॉर्च पडला.

वन्सं रोज तीन वाजता येऊन बसायच्या. त्यांच्या लेखी मी सीडी पुसत नव्हते, काहीतरी विधी करत होते. एकदा म्हणाल्या, "आतमधी आई हाय, आनि तू नुसती दारं पुसतंस."

"दार उघडल्याशिवाय आत कशी जाऊ?"

"तू कदी दार ठोकून आत आलीस गो? लगीन झालं तवापासून आतच हाईस."

तिसऱ्या दिवशी सगळ्या फाइली जागेवर होत्या. आता बसवणाऱ्याने चोवीस अक्षरांची किल्ली मागितली. ती मी तेव्हा लिहून ठेवली होती. कुठे, तर मसाल्यांच्या वहीत, काळ्या वाटाण्याच्या आमटीच्या पानावर. एका अक्षरावर हळदीचा डाग होता. आठ की इंग्रजी बी, ते कळेना. आठ घातलं, नाही म्हणाला. बी घातलं, उघडलं. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, असं तो मग चार वेळा म्हणाला. मी चार वेळा केलं. पूर्वी अशा वेळी मी त्याच्यावर ओरडायची. आता वाटलं, म्हातारा आहे, त्याच्या गतीने उठू दे.

सॉफ्टवेअर उघडलं. फाईल उघडली. बटण दाबलं. शांतता.

आवाजाचं कार्ड आणि प्रिंटर एकाच क्रमांकाच्या वाटेने आत यायला बघत होते, म्हणून दोघंही दारात अडकलेले. अशा वेळी एकाला वाट बदलून द्यावी लागते. सात नंबर प्रिंटरला ठेवला, आवाजाला पाच दिला. तरी शांतता. वायरी तपासल्या, स्पीकर बदलला, कार्ड काढून परत घट्ट बसवलं. चौथ्या दिवशी दुपारी ह्यांनी टॉर्च पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर मारला आणि विचारलं, "ते भोंग्याच्या चित्रावर लाल फुली कसली गं?"

आवाज बंद केलेला होता. मीच केला होता, पंचवीस वर्षांपूर्वी, पत्ते खेळताना सासऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून.

फुली काढली. बटण दाबलं. आधी खरखर, मग खोकला. ओळखीचा खोकला, तंबाखूचा. आमचे हे एकदम ताठ उभे राहिले. "आये," एवढंच म्हणाले. शिक्षण झाल्यापासून ते आईला आई म्हणत होते; लहानपणीचा "आये" हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. टॉर्च चालूच होता, भर दुपारी, भिंतीवर.

सासूबाई गाऊ लागल्या.

पयलं पानी कोनाचं गो, पयलं पानी मेघाचं...

आणि लगेच दुसरा आवाज. करकरीत, नाकात बोलणारा. "आई, थांबा थांबा. पानी नाही. पाणी. ण. बाणातला ण."

"बानातला?"

"बान नाही, बाण."

हे माझंच. आमच्या खाडीकाठी न सगळीकडे चालतो. ण नावाच्या अक्षरावाचून इथे कुणाचं काही अडलेलं नाही. मी माहेरची पापडी गावची, घरात दोन शिक्षक, ण स्वच्छ. ह्या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं की मी दिवा घेऊन आले आहे. शाळेत तीस मुलांचे ण सुधारून पोट भरत नव्हतं, म्हणून मी सासूबाईंनाही धरलं. रेकॉर्डिंग पुढच्या पिढ्यांसाठी आहे ना, मग शुद्ध नको?

अकरा मिनिटं हे चाललं. सासूबाई "पाणी" म्हणायच्या, दाताने खडा फोडल्यासारखं, आणि चाल तुटायची. मी म्हणायची, "पयलं नाही, पहिलं." त्या "पहिलं" म्हणायच्या, आणि पुढची ओळ निसटायची. चौथ्या पाण्यापर्यंत कशाबशा पोचल्या. मग थांबल्या. म्हणाल्या, "बाय, मना नाय आठवत पुरचं."

मी म्हणते आहे, "आठवा ना आई, आठवा."

तेवढ्यात बाहेरून शेजारणीची हाक: "पानी आलं गो! नलाला पानी आलं!"

आमच्याकडे नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी यायचं. त्या हाकेतला न काही मी सुधारला नाही. खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज, पळत गेलेल्या पावलांचा आवाज, लांबून कळशीचा. मग काही नाही.

मी बटण दाबून थांबवलं. वन्संचा चेहरा मला बघवेना. त्या उठल्या. चहाचा रिकामा कप उचलून विसळायला निघाल्या. मी ह्या मशीनसमोर चार दिवस कशाला बसले होते, तर माझ्याच उर्मटपणाची अकरा मिनिटं ऐकायला. आणि एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की धवला माझ्याकडे पुरा आहे. एकदाही ऐकला नव्हता. पूजेतली वस्तू कोण उघडून बघतं?

पाणी भरून आले तेव्हा आई मांडीत हात घेऊन बसलेल्या होत्या, एवढं मला आठवत होतं. "झालं," म्हणाल्या होत्या. मी रेकॉर्डिंग थांबवलं होतं आणि फाईल ठेवून दिली होती.

"वयनी," वन्सं कप हातात घेऊनच पडद्यासमोर उभ्या होत्या. "हे डोंगर कसले?"

त्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज चित्रासारखा दिसतो. शांतता म्हणजे सपाट रेघ, आवाज म्हणजे चढउतार. माझा आवाज म्हणजे उंच, टोकदार सुळके, एकाला एक लागून. सासूबाईंचे मधेमधे ठेंगणे. मग पाणी आल्याची हाक, मग लांबलचक सपाट रेघ. मी तिथेच थांबले होते, कारण रेघ म्हणजे काही नाही.

पण वन्संनी बोट ठेवलं होतं त्या रेघेच्या पुढे. तिथे परत काहीतरी होतं. सुळके नव्हेत. आमच्या गच्चीवरून पूर्वेला तुंगारेश्वराची रांग दिसते ना, संध्याकाळी, निवांत, एकामागून एक, तसले गोल चढ.

"ते काही नसेल. पंख्याची घरघर असेल."

"पंका असं चालतो? वरखाली?"

मी त्या डोंगरांच्या पायथ्याशी नेऊन बटण दाबलं.

आधी बांगड्या वाजल्या. मग सासूबाईंचा आवाज, हळू, अगदी माईकशी वाकून, कुणाच्या तरी कानात सांगावं तसा.

"गेली वाटतं. आता आयक."

ते त्या मशीनला म्हणाल्या होत्या. हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. त्यांच्या लेखी समोर एक नवखी बसली होती. तिला ऐकता येत होतं, बोलता येत नव्हतं. अशा शिकणारीची त्या किती वर्षं वाट बघत होत्या कोण जाणे. सून तर ऐकतच नव्हती.

आणि मग त्यांनी तो म्हटला. सगळा. न सगळे न, चाल अखंड, चार पाणी पार करून पुढे. पाचवं पाणी मिठाचं निघालं, आगरातलं, उन्हाने पिऊन टाकलेलं. सहावं घामाचं, बापाच्या पाठीवरचं. वन्सं खुर्चीत नव्हत्या आता, जमिनीवर बसल्या होत्या, डोळे मिटून, आणि त्यांचे ओठ अर्ध्या मात्रेच्या मागून चालत होते.

सातवं पानी कोनाचं गो...

आणि गाणं थांबलं. पडद्यावर रेघ सपाट झाली. मला वाटलं, सीडीसारखं हेही अडलं. मी हात पुढे केला तर वन्सं डोळे न उघडताच म्हणाल्या, "हात नको लावू." रेघ सरकत राहिली. किती वेळ, सांगता येत नाही. स्पीकरमधून नुसता त्या दिवशीच्या खोलीचा आवाज येत होता: भिंतीवरचं घड्याळ, लांब अंगणात माझी कळशी भरत असलेली. मग आई परत वाकून बोलल्या.

"इथं कोनी बोलाचं नाय. पानी सरंपर्यंत गप ऱ्हायाचं. नवरीच्या आईला म्हाईत असतं ते कोनाचं."

ते सातव्याचं उत्तर. सातवं कडवं गायचंच नसतं. कानाशी वाकून त्या काही पुटपुटत असतील असं आम्हाला मागून वाटायचं. त्या गप्प असायच्या. पन्नास लग्नांत वन्संनी ती शांतता दुसऱ्या गाण्याने भरून काढली होती, आणि एवढ्या मोठ्या संगणकासमोर बसून मी तिला बिघाड समजले होते.

मग पावलं आली. माझी. "आठवलं का हो आई?" असं धापा टाकत विचारते आहे. आणि त्या म्हणतात, "झालं."

 मी ते परत लावलं. आवाज म्हणजे काय, हे मी शाळेत फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं होतं, आणि आता त्याच आकृतीसमोर मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. लोखंडाच्या तबकडीवर एक बाई वाकून बोलते, मरून जाते. तिला सारखी अडवणारी मीच ते पुसायला विसरते. आणि पंचवीस वर्षांनी तिच्या मुलीला जे हवं तेच तिथे, तसंच, घड्याळासकट. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना माहीत असेल का, की त्यांच्या हिशेबातून एका धवलारणीची शिष्या तयार झाली?

उरलेले दिवस वन्सं रोज आल्या. नातीने ते फोनवर उतरवून घेतलं, "घरी ऐका निवांत" म्हणून दिलं. वन्संनी फोन परत केला. त्यांना डोंगर बघत शिकायचं होतं. चढ आला की आवाज उचलायच्या, उतार आला की सोडायच्या. लिहायला न शिकलेली बाई तो पडदा वाचत होती, आणि मी फक्त बटण दाबायला.

हळदीच्या दिवशी मांडवात डीजेवाल्याला वन्संनी स्वतः जाऊन यंत्र बंद करायला लावलं. नात पाटावर बसली. माझी सून, नवरीची आई, हातात तांब्या घेऊन उभी राहिली. वन्सं तिच्या शेजारी, मागे आम्ही बायका, ओळ झेलायला. पहिलं पाणी, दुसरं, तिसरं. चौथ्याशी वन्संचा आवाज थोडा चिरकला.  पाचवं आलं, मिठाचं. जुन्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सहावं आलं. आणि मग त्यांनी सातव्याचा प्रश्न विचारला आणि थांबल्या.

तीनशे माणसांच्या मांडवात एकही आवाज नव्हता. फोन धरून उभी असलेली पोरंसुद्धा गप्प. सुनेने तांब्या हळूहळू उपडा केला, शेवटच्या थेंबापर्यंत. पाणी नातीच्या केसांतून, कपाळावरून, हळदीवरून खाली उतरताना ऐकू आलं. तेवढंच.

नंतर हात धुवायला वन्सं मागच्या दारी आल्या. मी त्यांना पाणी घालत होते.  काहीतरी मोठं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्याच आधी म्हणाल्या:

"तू मागं गात नव्हतीस वयनी, नुसतं तोंड हलवत व्हतीस. मना मागं पन डोले हाईत. पुरच्या लग्नात आवाज काढायचा, आयकलंस?"